‘सिस्टर’ पदवीधर कशी झाली?

बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, कोणत्याही वॉर्डात पाच मिनिटे उभे राहिले तरी एक शब्द दहा वेळा कानावर पडतो : ‘सिस्टर’. सरकारी कागदावर हीच व्यक्ती ‘अधिपरिचारिका’ असते. तिच्यावर परिसेविका, परिसेविकेवर अधिसेविका अशी उतरंड असते. पण सलाईन संपत आले की ‘अहो अधिपरिचारिका’ अशी हाक कोणी मारीत नाही. ऊसतोडीवरून आलेली म्हातारीही ‘शिष्टर’च म्हणते, आणि पुरुष परिचारक दिसला की त्याला ‘ब्रदर’.

या शब्दाचा अर्थ बहीण असा असला तरी तो नात्यातून आलेला नाही. तो मठातून आला. लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू आणि सेंट टॉमस ही दोन्ही जुनी रुग्णालये बाराव्या शतकात कॅथलिक मठांचा भाग म्हणून सुरू झाली. तिथे रुग्णांची सेवा करणारे ‘ब्रदर’ आणि ‘सिस्टर’ हे व्रतस्थ स्त्रीपुरुष होते. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ मोडले, संन्यासिनी गेल्या, रुग्णालये पुढे शहराच्या ताब्यात आली; पण वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईला ‘सिस्टर’ म्हणण्याची रीत तेवढी उरली. तीच रीत इंग्रजांबरोबर मुंबईला आली आणि तेथून बीडला पोचली. बीडमधल्या वॉर्डात ऐकू येणाऱ्या या हाकेमागे असा आठशे वर्षांचा कॅथलिक इतिहास आहे.

शब्दाबरोबर एक कल्पनाही आली. रुग्णसेवा हे व्रत आहे, ही ती कल्पना. ती वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. १६३३ साली फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी भिंतीआड न राहता गरिबांच्या घरी जाऊन सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ स्थापला, तेव्हा ती क्रांतीच होती. पण व्रताला दोन बाजू असतात. व्रतस्थ बाईला पगार द्यावा लागत नाही, आणि तिने ‘का?’ असे विचारायचे नसते. आज्ञापालन हे तिच्या व्रताचेच अंग असते. पुढे परिचारिका पगारी झाली, तिचा धर्म कोणता हे विचारणे थांबले, तरी ही दुसरी अट मात्र गणवेशाबरोबर तिच्या अंगावर राहिली. परिचारिकेला विद्यापीठाची पदवी मिळण्यास इतका उशीर का झाला, याचे उत्तर बरेचसे या अटीत आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून ‘दिवा घेतलेली स्त्री’ म्हणून सर्वांना ठाऊक असते. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर त्या ३८ परिचारिका घेऊन निघाल्या. त्यांपैकी १० कॅथलिक जोगिणी होत्या, १४ जणी अँग्लिकन धर्मसंघांशी संबंधित आणि उरलेल्या १४ रुग्णालयांत पगारी काम करणाऱ्या होत्या. त्यापूर्वी १८५१ मध्ये जर्मनीतील कैझरवर्थ येथील प्रोटेस्टंट सेविकांकडे आणि नंतर पॅरिसमध्ये कॅथलिक भगिनींकडे त्यांनी काम पाहिले होते. शिस्त त्यांनी मठाकडून घेतली. पण त्यात त्यांनी जी भर घातली ती मठात नव्हती. ती होती मोजणी. किती सैनिक मेले, कशाने मेले, कोणत्या महिन्यात मेले याचे तक्ते त्यांनी केले. ते रंगीत पाकळ्यांच्या आकृत्यांत मांडले आणि जखमांपेक्षा घाणीने झालेल्या रोगांनी जास्त माणसे मारली हे मंत्र्यांपुढे ठेवले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. १८६० मध्ये त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली ती सेंट टॉमस रुग्णालयातच.

त्या भारतात कधी आल्या नाहीत, पण भारतातील लष्कराच्या आरोग्यासंबंधीच्या १८६३ च्या अहवालामागे मोठे काम त्यांचे होते. भारतातील गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्यूदर हजारी ६९ होता, असे तो अहवाल सांगतो. पुढच्या दहा वर्षांत पाणी, गटारे आणि बराकी सुधारल्यावर तो हजारी १८ वर आला. नंतर त्यांचे लक्ष छावणीबाहेरच्या खेड्यांकडे वळले. १८९६ मध्ये त्यांनी भारतातील खेड्यांत घरोघर जाऊन बायकांना आरोग्याच्या गोष्टी समजावणाऱ्या शिकलेल्या स्त्रियांची योजना मांडली. आजच्या गावातल्या ‘नर्सबाई’चे हे कागदावरचे पहिले चित्र म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. १८७८ मध्ये अँग्लिकन चर्चच्या ‘ऑल सेंट्स’ संघाच्या सिस्टर मुंबईला आल्या आणि तिथल्या मोठ्या रुग्णालयांची परिचर्या त्यांच्याकडे आली. १८८३ च्या डिसेंबरात डॉ. एडिथ पेची कामा रुग्णालयासाठी मुंबईत उतरल्या. त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयाबरोबर परिचारिकांच्या प्रशिक्षणाचीही घडी बसवली. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत यांनी प्रशिक्षण घेतले. परिचर्येच्या इतिहासात पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. याच दयाराम गिदुमलांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला नाइटिंगेलबाईंनी प्रस्तावना लिहिली होती, हा धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रमाबाईंनी पुण्यात जे केले ते धाडसाचे होते. विधवा आणि परित्यक्ता बायकांना त्यांनी ससून रुग्णालयात परिचर्या आणि सुईणकाम शिकायला पाठवले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला पाणी पाजायचे, आणि हे सारे रात्रपाळीला घराबाहेर राहून. त्या काळच्या पांढरपेशा पुण्याला यातले काहीच पचणारे नव्हते. नाळ कापणे हे तर विटाळाचे काम. मराठवाड्यातल्या अनेक गावांत ते मातंग किंवा तशाच दलित समाजातील सुईणीकडे असे. तिच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्यात काही चांगले होते, काही घातकही. पण ते कोणी लिहून ठेवले नाही आणि तपासलेही नाही, कारण काम करणारी बाई शिवायची नव्हती. ज्या कामाला समाज हलके मानतो त्यातले ज्ञान त्याला दिसत नाही. मठात परिचर्या पवित्र म्हणून आणि गावात अपवित्र म्हणून, दोन्हीकडे ती ज्ञानाच्या प्रांताबाहेरच राहिली.

पावित्र्याचा हा प्रश्न कॅथलिक जगात तर कायद्यानेच उभा केला होता. १९०१ च्या रोमच्या नियमावलीप्रमाणे जोगिणींच्या संघांनी बाळंतिणींची सेवा करणे अमान्य होते. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या स्त्रीने प्रसूती पाहू नये, असा विचार त्यामागे होता. याचा परिणाम हिंदुस्थानात कसा झाला ते रावळपिंडीत दिसते. तिथे पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. जनानखान्यात जोगिणीला प्रवेश होता, पण जोगिणीला बाळंतपण करायची परवानगी नव्हती. आणि ज्याला परवानगी होती त्या पुरुष डॉक्टरला आत प्रवेश नव्हता. मधल्या मध्ये बाई मरत असे.

स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन यांनी हे पाहून रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय उभे करण्याचा खटाटोप केला आणि रोमकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले. १९१३ मध्ये त्या वारल्या, बंदी उठली नव्हती. त्यांचे आवाहन वाचून ऑस्ट्रियाची ॲना डेंगल नावाची तरुणी आयर्लंडमध्ये डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीला आली. चार वर्षे काम केल्यावर तिच्या लक्षात आले की, एकटी डॉक्टर पुरणार नाही, शिकलेल्या स्त्रियांचा संघच हवा. १९२५ मध्ये तिने वॉशिंग्टन येथे ‘मेडिकल मिशन सिस्टर्स’ सुरू केला. बंदीमुळे त्यांना सुरुवातीला पूर्ण संन्यासिनीचा दर्जा नव्हता. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने परवानगी दिली. जोगिणींनी वैद्यक, प्रसूतिशास्त्र आणि परिचर्या शिकावी आणि त्यासाठी रीतसर पात्रता मिळवावी, असे सांगितले. त्याआधी एक अपवाद घडला होता : ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० मध्ये विशेष परवानगीने जोगीण असतानाच गुंटूरला डॉक्टर म्हणून काम करू लागल्या होत्या. भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना त्यांनीच १९४३ मध्ये उभी केली.

१९३६ च्या या निर्णयातला ‘रीतसर पात्रता’ हा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. आता भक्ती पुरेशी नव्हती, परीक्षा हवी होती. याच सुमारास अमेरिकेत परिचर्या विद्यापीठात शिरत होती. मिनेसोटा विद्यापीठाने १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा आपल्यात घेतली, येल विद्यापीठाने १९२३ मध्ये स्वतंत्र शाळा काढली. त्याच वर्षी गोल्डमार्क अहवाल आला. रुग्णालयांच्या शाळांत विद्यार्थिनी शिकत कमी आणि राबत जास्त, फरशा आणि भांडी यांतच त्यांचा बराचसा वेळ जातो, असे त्यात दाखवून दिले होते. रुग्णालयाला स्वस्त हात हवे होते आणि ‘प्रशिक्षण’ हे त्याचे सोयीचे नाव होते. अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींचे संघ तर शेकडो रुग्णालये आणि त्यांना जोडलेल्या शाळा चालवीत. या शाळांत शिकवायला शिकलेल्या सिस्टर कोठून आणायच्या? वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाने १९३० च्या दशकात परिचर्या शिक्षणाचे पदवी अभ्यासक्रम सुरू केले. एकेकाळी जिला ‘का?’ विचारायची मुभा नव्हती ती सिस्टर आता शरीरक्रियाशास्त्र आणि अध्यापनशास्त्र यांचे पेपर देऊ लागली.

भारतात हे वर्ष १९४६ चे. त्या वर्षी भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही वाचावेत असे आहेत. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. डॉक्टर ६,३०० माणसांमागे एक होता. म्हणजे परिचारिका डॉक्टरांपेक्षा कितीतरी दुर्मीळ होत्या, आणि हे उलटे प्रमाण कोणाला खटकत नव्हते. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला परिचर्येची पदवी सुरू झाली. दिल्लीचे महाविद्यालय सरकारी, वेल्लोरचे मिशनचे आणि मद्रास विद्यापीठाला जोडलेले. मुंबईत १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये विद्यापीठ काढले तेव्हा त्यांच्यासमोर असलेल्या विधवा आणि रमाबाईंनी ससूनला पाठवलेल्या विधवा एकाच समाजातून आल्या होत्या. त्यांच्या नाती-पणती वयाच्या मुलींना ही पदवी मिळाली.

बीडची गोष्ट वेगळी. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला, तो इकडे लागू नव्हता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात; आणि परिचारिकांसाठी सर्व विभागांना एकच कायदा १९६६ मध्ये झाला. पुण्याच्या मुलीच्या मागे तोवर अर्धशतकाची वाट होती. बीडच्या मुलीच्या मागे काहीच नव्हते. वॉर्डात पांढऱ्या गणवेशात दिसायच्या त्या बऱ्याचदा केरळातून आलेल्या ख्रिस्ती मुली. त्यांच्या गावात चर्चच्या शाळा होत्या आणि परिचर्या करणे तिथे कमीपणाचे मानले जात नव्हते. या मुलींनी मोडकी मराठी शिकून महाराष्ट्राची रुग्णालये चालवली, याची नोंद आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली नाही.

१९७४ मध्ये अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मोठ्या शहरात नसलेले, ग्रामीण भागासाठी म्हणून काढलेले हे महाविद्यालय. निजामाच्या काळात मोमिनाबाद नावाने ओळखले जाणारे हे घोडदळाचे ठाणे. ज्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव महाविद्यालयाला आहे त्यांनी काही काळ याच गावात शाळेत शिकवले होते. संन्यासी आणि शिक्षक एकाच माणसात असल्याचे हे एक उदाहरण, आणि त्या संन्याशाने ‘का?’ विचारण्याचे व्रत घेतले होते असे म्हणता येईल. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परिचर्येची पदवी वैद्यकाच्या बरोबरीने त्या एका विद्यापीठाखाली आली.

आता कोणी विचारील की इंजेक्शन द्यायला पदवी कशाला? हा प्रश्न आम्ही शिक्षकांच्या तोंडूनही ऐकला आहे. त्याचे उत्तर एका आलेखाने देता येते. तो गणिताच्या तासालाही चालेल.

बाळंतपणात गर्भाशयाचे मुख हळूहळू उघडत जाते. पूर्ण उघडले म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी तासांचा आणि सेंटिमीटरचा आलेख काढला. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी त्याचे रूप बदलले. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो दूरच्या दवाखान्यात एकटीने बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांचा. बाईला मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायचे? लवकर पाठवले तर खर्च आणि हाल, उशिरा पाठवले तर जीव जातो. त्यांनी आलेखावर दोन तिरप्या रेषा मारल्या. पहिली ‘सावध’ रेषा, तिचा चढ तासाला एक सेंटिमीटर. दुसरी ‘कृती’ रेषा, तिला समांतर, चार तास उजवीकडे. समजा सकाळी आठला मुख ४ सेंटिमीटर उघडलेले आहे. पहिल्या रेषेप्रमाणे दुपारी दोनला १० व्हायला हवे. प्रगती त्या रेषेच्या उजवीकडे सरकली की गाडी बोलवायची. मधले चार तास हे प्रवासाचे तास. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या तांड्यावरून निघणाऱ्या गाडीला ते किती लागतात, हे तिथल्या शिक्षकांना सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये ३५,४८४ बाळंतपणांवर हा आलेख तपासला. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : लांबलेल्या बाळंतपणांचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले होते. पुढे असेही दिसले की तासाला एक सेंटिमीटर हा नियम सर्व बायकांना लागू पडत नाही. म्हणून २०२० च्या नव्या तक्त्यात वेगवान टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरला आहे आणि ती सरळ रेषा काढून टाकली आहे. ज्या परिचारिकेला फक्त रेषा पाठ होती तिला हा बदल म्हणजे नवा हुकूम वाटेल. जिला रेषा कशी आली ते ठाऊक आहे तिला तो बदल समजेल, आणि चुकत असेल तर ती तसे म्हणेलही. तीन वर्षांच्या पदविकेत हे शिकवत नाहीत असे नव्हे; पदवीच्या चार वर्षांत संख्याशास्त्र, संशोधन आणि सामुदायिक आरोग्य यांना जागा मिळते, हा फरक.

बीड जिल्ह्यात हा फरक पुस्तकी नाही. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा बायकांमागे एक. त्यात तरुण बायकाही होत्या. पांढरे जाणे, अंगावर जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन बाई जाते; त्यातल्या बऱ्याच तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि औषधाने बऱ्या होतात. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले तर तिशीतच हाडे ठिसूळ व्हायला लागतात. या प्रकरणात पैशाचा, मुकादमाच्या उचलीचा, पाळीच्या दिवशी कामाला खाडा पडला की होणाऱ्या दंडाचा भाग मोठा आहे. सगळे खापर परिचर्येच्या शिक्षणावर फोडणे खोटे होईल. पण त्या बाईला शस्त्रक्रियेआधी ‘थांब, आधी तपासू’ म्हणणारे माणूस गावात कोण होते? बहुतेक ठिकाणी उपकेंद्रातली नर्सबाई. पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आणि डझनभर नोंदवह्या. शहरातल्या डॉक्टरचा सल्ला चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नव्हता. शिवाय सहा महिने बाई पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर.

२०१८ पासून उपकेंद्रांवर ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ हे पद आले. सहा महिन्यांचे जादा प्रशिक्षण घेतलेले आयुर्वेद पदवीधर किंवा बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिका या पदावर येतात. तपासणे, ठरावीक औषधे देणे आणि कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवणे त्यांच्याकडे असते. पदवी आता वॉर्डातून निघून तांड्यापर्यंत पोचण्याची ही वाट आहे. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या आणि सुईणशास्त्र आयोगाचा नवा कायदाही केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आहे.

बीडच्या मुलीला या वाटेवर यायचे असेल तर तिचा फाटा फार आधी लागतो. सहायक परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा आणि सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम बारावी कला शाखेनंतरही करता येतो. चार वर्षांच्या पदवीला मात्र बारावीला भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, किंवा आहे पण एस. टी. संध्याकाळी परतत नाही, म्हणून मुलगी कला शाखा घेते. तिची पदवी त्या दिवशीच हुकते. तीन वर्षांची पदविका घेऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची उत्तर-मूलभूत पदवी करता येते, पण तोवर ती तेवीस-चोवीस वर्षांची असते आणि घरी लग्नाची घाई असते. दहावीचा निकाल लागल्यावर अकरावीचा अर्ज भरायला मुली शाळेत येतात तेव्हा शाखेच्या रकान्याशेजारी ही माहिती कोणीतरी सांगावी लागते. अर्ज बहुतेक वेळा वर्गशिक्षकच भरून देतात.